रोकडे मॅडमचं लॉगिन

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या लोणीत एक चुलते विहिरीवरच्या बाईची गोष्ट रंगवून सांगायचे. मी त्यांना भर पंगतीत विचारलं होतं, "काका, मतदार यादीत तिचं नाव आहे का?" तेव्हापासून माझ्यासमोर कुणी भुताचा विषय काढत नाही. त्यामुळे हे लिहिताना मला माझीच लाज वाटतेय... पण जे झालं ते झालं.

गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. घोडेगावच्या बाहेर एका ट्रस्टचा दवाखाना होता, त्याला जोडून छोटी रक्तपेढी. मी तिथे कॉम्प्युटर ऑपरेटर होते. माझ्या वरती रोकडे मॅडम. जुन्नरच्या, पन्नाशीच्या, आवाज इतका मऊ की फोनवर नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. रक्तदात्यांची सगळी यादी ट्रस्टच्या पुण्यातल्या मुख्य ऑफिसच्या सर्व्हरवर असायची. आपल्या कॉम्प्युटरवर त्यांचं सॉफ्टवेअर टाकायचं, मोडेमला फोनची वायर लावायची, आयडी-पासवर्ड देऊन साइन-इन व्हायचं, मग गावागावातल्या दात्यांची नावं आणि नंबर दिसणार. जुनी रजिस्टरं एंट्रीसाठी म्हणून पुण्याला गेली ती गेलीच.

आता आमच्या ऑफिसची पद्धत ऐका. लॉगिन एकच, रोकडे मॅडमचं. "सुरेखा, तुझ्या आयडीचा अर्ज पाठव," असं त्या मला वर्षभर सांगत होत्या आणि मी "उद्या करते" म्हणत होते. आषाढात मॅडम गेल्या. ताप आला काय आणि चार दिवसांत गेल्या काय... तरी मी अर्ज केला नाही. त्यांच्या मशीनमध्ये पासवर्ड सेव्ह होता, एक बटण दाबलं की काम चालू. तीन महिने मी त्यांच्याच नावाने रिपोर्ट पाठवत होते. पुण्यात कुणाला पत्ताही नव्हता.

दुसरी गोष्ट दसऱ्याची. मॅडम बौद्ध. दसऱ्याला दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीला जायच्या. निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही कॉम्प्युटरना खताच्या गोणीच्या आतलं जाड प्लास्टिक घालून सुतळीने गच्च बांधायच्या. कारण खंडेनवमीला आम्ही बाकीचे मशिनींची पूजा करणार हे त्यांना माहीत. "पूजा करा, पण प्लास्टिकवरून करा," म्हणायच्या. "देवाला चालतं गं, मशिनीला चालत नाही." आम्ही त्यांना हसायचो.

त्या वर्षी प्लास्टिक बांधायला मॅडम नव्हत्या आणि आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी स्वतः दोन्ही मशीनची साग्रसंगीत पूजा केली. ओलं हळदीकुंकू, फुलाने पाणी शिंपडलं, मूठभर अक्षता टाकल्या, झेंडूचा हार. वर म्हणाले, यंदा कशी मोकळी पूजा झाली! दोन दिवसांनी मॅडमच्या मशीनमधून जळका वास आला आणि ती बंद पडली. मंचरच्या दुकानदाराने उघडून पाहिलं, मदरबोर्ड गेला म्हणाला, सोमवारी बघू. मशीन त्याच्याकडेच ठेवून मी परत आले.

आणि त्या रविवारी माझ्या भावाने, संतोषने, त्याच्या बायकोला आमच्याच दवाखान्यात आणलं. अर्चनाचे दिवस भरले होते. लोणीहून जवळचे दवाखाने सोडून इतक्या लांब का? तर मीच म्हणाले होते, आमच्याकडे आण, मी आहे ना तिथे. सकाळी मुलगी झाली. पेढे आणायला संतोष बाहेर पडणार तेवढ्यात सिस्टर पळत आल्या. अर्चनाचं रक्त थांबत नव्हतं.

तिचा गट ओ निगेटिव्ह. पेढीत एकच बाटली होती, ती चढली. जीप पुण्याला पाठवली, पण ती पाचच्या आत येत नाही. डॉक्टरसाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "सुरेखा, तीनच्या आत एक दाता उभा कर. एक बाटली मिळाली तर जीप येईपर्यंत मी तिला धरून ठेवतो. नाहीतर मला तुझ्या भावाशी बोलावं लागेल."

यादीत या गटाचे चार जण आहेत एवढं मला आठवत होतं. एक येडगावचा. पण नाव? नंबर? फोन नेहमी मॅडमच करायच्या. ते माझं काम नव्हतं ना! मी पुण्याला फोन लावला, तर वॉचमन म्हणाला, "ताई, रविवार आहे, साहेब उद्या येतील. एक वाजला, मी डबा उघडलाय." मी फोन आपटला.

उरलं काय? केसपेपरच्या काउंटरवरचा दुसरा कॉम्प्युटर. त्याच्यात ते सॉफ्टवेअर कधी टाकलंच नव्हतं. कपाटातून सीडी काढली, आत घातली. घर्र घर्र घर्र... आणि थांबलं. ट्रे बाहेर येईना. छोट्या भोकात सेफ्टी पिन घालून ट्रे ओढला तर सीडीवर ओरखडे, आणि ट्रेच्या खाचेत तांदूळ. माझ्याच अक्षता. हळद लावलेल्या, पिवळ्याधमक.

मी जमिनीवर बसले आणि पिनेने एकेक दाणा काढायला लागले. एक काढला की आत दुसरा दिसायचा. दार मी लोटून घेतलं होतं, कारण हे कुणी पाहिलं असतं तर मी तिथेच मेले असते. मी मोठमोठ्याने रडत होते. "मॅडम, चुकलं माझं. मॅडम, चुकलं." असं म्हणत होते, कुणी ऐकावं म्हणून नव्हे... तोंडातून निघत होतं. फोन टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर, जागेवर ठेवलेला होता. हे मुद्दाम सांगतेय, लक्षात ठेवा.

दाणे निघाले. ते मी रुमालात बांधून पर्समध्ये टाकले. सीडी पदराने पुसली, पुन्हा घातली. या खेपेला चालली. निळी पट्टी पुढे सरकायला लागली तशी मी तिच्याकडे बघत "चल बाई, चल" म्हणत बसले. पाऊण वाटेवर ती अडकली, मग पुन्हा हलली. संतोष दारात येऊन उभा राहिला. "आक्का, झालं का गं?" त्याचा चेहरा मला बघवेना. "होतंय," म्हणाले.

सॉफ्टवेअर टाकून झालं. फोनची वायर काढून मोडेमला लावली. दोनदा लाइन लागली नाही, तिसऱ्यांदा ती किर्र किर्र झाली आणि जोडली गेली. समोर साइन-इनची चौकट. वर मॅडमचं नाव टाकलं. खाली पासवर्ड... तो मला माहीत असायचं कारणच काय?

खाली बारीक अक्षरात सूचना होती, तीन वेळा चुकलं तर खातं बंद. मी त्यांच्या मुलीचं नाव टाकलं. चूक. गावाचं नाव आणि जन्मसाल टाकलं. चूक. घड्याळात दोनला दहा कमी होते. संतोष माझ्या खुर्चीची पाठ धरून उभा होता. "आक्का, इचार कर मंग टाक," म्हणाला. मी विचार केला. खूप केला. मॅडम दरवर्षी कुठे जायच्या? दीक्षाभूमी. मला एकदम खात्री वाटली. हेच असणार! मी एकेक अक्षर जपून टाकलं, दोनदा तपासलं, आणि बटण दाबलं.

चूक. खातं बंद करण्यात आलं आहे, मुख्य कार्यालयाशी संपर्क साधावा.

संतोष भिंतीला टेकून खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घातलं. मी त्याला हात लावायलाही धजले नाही. पूजा मी केली, अर्ज मी केला नाही, तिला इथे आणायला मी सांगितलं. माझ्या भावाचा संसार मी माझ्या हाताने बुडवला, दुसरं काही मला सुचत नव्हतं. किती वेळ तशी बसले कुणास ठाऊक. डॉक्टरांना सांगायला म्हणून शेवटी उठले.

व्हरांड्यात आले तर फाटकातून एक मोटरसायकल आत आली. चाळिशीचा माणूस, अंगावर धूळच धूळ. गाडी लावून मला म्हणाला, "ताई, रक्तपेढी हीच ना? मी भोर. येडगाववरनं आलो. ओ निगेटिव्ह पायजे व्हतं ना?"

संतोष पळत आला आणि त्याचा हात धरून त्याला आत घेऊन गेला.

तीनच्या आत बाटली चढली. पाचला जीप आली. संध्याकाळी डॉक्टरसाहेब बाहेर येऊन म्हणाले, "वाचली." मी संतोषच्या गळ्यात पडून एवढी रडले की सिस्टर मला रागावल्या.

मधल्या वेळात मी भोरभाऊंना चहा नेऊन दिला आणि विचारलं, "तुम्हाला निरोप कुणी दिला?"

"निरोप न्हाई, फोन आला की. जेवान झाल्यावर, सव्वाला थोडा कमी आसंल. रोकडे मॅडमचा."

"नक्की त्यांचाच?"

"आवो तीन वरसं त्याच बोलावत्यात मला. आवाज वळखत न्हाई व्हय? म्हनल्या, भाऊ, गाडी सावकाश चालवा, पन या. कुटं हायेत? भेटून जातो."

मी म्हणाले, "रजेवर आहेत." का म्हणाले, माहीत नाही. नुकतंच रक्त देऊन बसलेल्या माणसाला मी काय सांगणार होते?

सोमवारी पुण्याने खातं उघडलं, मला नवा आयडी दिला, वर चांगलं झापलंही. भोरांची एंट्री करायला मी त्यांचं पान काढलं. 'संपर्क केला' ही चौकट आधीच भरलेली. रविवारची तारीख. वेळ दुपारी एक दहा. नाव रोकडे मॅडमचं. मशीन, टर्मिनल एक. म्हणजे जे मंचरला दुकानाच्या टेबलावर सुटं पडलेलं होतं ते. मी त्याच दिवशी मंचरला गेले. दुकानदार म्हणाला, रविवारी दुकान बंद होतं, आणि ताई, मदरबोर्डच नाही तर मशीन चालू कशी होणार? पुण्याच्या साहेबांना विचारलं, तर म्हणाले सर्व्हर चुकत नाही, तुम्हीच केलं असेल आणि घाईत विसरला असाल.

मी स्वतःही पुष्कळ डोकं चालवलं. जुनी एंट्री उशिरा पोचली असेल, तारीख चुकली असेल, दवाखान्यातल्या दुसऱ्या कुणी तरी फोन केला असेल. पण त्यांच्याकडे नंबर कुठून येणार? आणि एक दहाला आमचा फोन माझ्या समोर ठेवलेला होता.

मग दोन वर्षं मी गप्प बसले. दसरा आला की आदल्या दिवशी खताच्या गोणीचं प्लास्टिक आणून दोन्ही मशीन बांधायचे. नवी पोरं मला हसायची. हसू देत.

भोरभाऊ अधूनमधून रक्त द्यायला येत राहिले आणि दर वेळी मॅडमची चौकशी करायचे. एकदा मला खोटं बोलवेना. मी सांगून टाकलं, भाऊ, मॅडम नाहीत. तुम्ही अर्चनासाठी आलात त्याच्या तीन महिने आधीच गेल्या.

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ताई, त्या दिवशी एक निरोप दिला व्हता त्यांनी. गडबडीत सांगायचा राह्यला, आन् मंग वाटलं, सयपाकाचं काय तरी आसंल, एवढं काय त्यात. फोन ठेवताना म्हनल्या, तिथं आमची सुरेखा रडत बसली आसंल. तिला म्हनावं, रडू नको, निघत्यात समदे तांदूळ."

त्या तांदळाबद्दल मी आजवर कुणाला, संतोषलासुद्धा, सांगितलेलं नाही. तो रुमाल अजून माझ्या कपाटात आहे. याचा अर्थ मला विचारू नका, मला खरंच माहीत नाही.