आबानं निवडलेला फोन

"ह्यो फोन कुणाचा?"

आमची मेंढरं ज्यांच्या रानात होती, त्या घरातल्या धाकट्या मालकानं विचारलं तेव्हा मी त्यांच्या ओट्याखाली उभी होते. सकाळचे नऊ वाजले असतील. ओट्यावरच्या बोर्डाला माझा फोन चार्जिंगला लावलेला होता, तो न्यायला आले होते. मी म्हणाले, माझा. तोंडावर त्याला मी 'मालक' म्हणायची, 'तुमी' म्हणायची. इथं मी त्याला 'तो'च म्हणणार आहे.

त्यानं वायर उपटली. फोन उलटासुलटा करून बघितला आणि आत हाक मारून सांगितलं की आपला फोन घावला. कालपासून त्याचा फोन सापडत नव्हता, लावला तर बंद लागत होता. त्याचाही फोन हाच. हीच कंपनी, हेच मॉडेल, हाच काळा रंग. तो फोन पहिल्यांदा बाजारात आला तेव्हा यानं कोरा करकरीत घेतला होता आणि तेव्हा अख्ख्या गावात तसला फोन कुणाच्या हातात नव्हता, हेही त्यानं तिथल्या तिथं ऐकवलं. त्याची आई बाहेर आली. बायको आली. डेअरीला दूध घेऊन निघालेली दोन माणसं मोटारसायकल थांबवून उभी राहिली.

"धनगराच्या पोरीकडं ह्यो फोन? आगं, तुमी सगळी हयात राबला तरी ह्यो येत न्हाई."

मी पुढं झाले. अंगठा लावून फोन उघडून दाखवला. म्हटलं, बघा, माझ्या अंगठ्यानं उघडतोय. तो म्हणाला, काल उचलला आणि लावून घेतला असशील अंगठा. मग त्यानं आतले फोटो बघायला सुरुवात केली. सगळ्यांसमोर. पुस्तकाची पानं. पानं. नुसती पानं. मधेच माझी आई, केस मोकळे सोडून विंचरताना. मधेच मी, एकटीच, नवीन ड्रेस घालून काढलेला. त्या फोटोवर तो थांबला. फोन दूधवाल्यांकडं फिरवला. ती दोघं हसली. त्याची बायको आत निघून गेली.

बिल दाखव म्हणाला. माझ्याकडं बिल नव्हतं.

तेवढ्यात आबा आला. माझा बाप. कुणीतरी त्याला रानातून बोलावून आणलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. फोन आबानंच तर घेतला होता, स्वतःच्या हातानं निवडून. आता आबा सांगेल. आबानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा रानात बसलेल्या मेंढरांकडं. मग हात जोडले.

"मालक, चूक झाली. पोरगी हाय, पदरात घ्या."

चोरी झालेलीच नव्हती आणि माझ्या बापानं ती कबूल केली.

आम्ही आटपाडीकडची माणसं. दोन एकर माळ आहे, त्यात पाऊस पडला तर बाजरी. बाकी सगळं मेंढरांवर. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर घालून आम्ही उसाच्या मुलखात उतरतो, कोरेगावच्या बाजूला. ज्याचं रान मोकळं असेल तो मेंढरं बसवतो. रात्रभर मेंढरं त्याच्या रानात बसतात, लेंड्या पडतात, रान खतावतं. भोवतीनं दोरीची जाळी खुंट्या ठोकून लावायची, तिला वाघर म्हणतात. किती दिवस बसवायची ते आधी ठरतं. बदल्यात धान्य मिळतं, थोडे पैसे मिळतात, विहिरीचं पाणी मिळतं. त्या दिवशी आमचे त्या रानातले अजून सात दिवस उरले होते.

मी बाहेरून बीए करते, विट्याच्या कॉलेजातून. वर्गात बसायचं नाही, नुसती परीक्षा द्यायची. पण पुस्तकं लागतातच. मोठी पुस्तकं लायब्ररीतून घरी देत नाहीत, आणि सहा महिने रानोमाळ फिरणाऱ्या मुलीनं लायब्ररीत बसायचं कधी? म्हणून मी एक तोड काढली. एक दिवस जायचं, धडेच्या धडे फोटोत घ्यायचे, आणि मग मेंढरांमागं चालताना वाचायचे. माझ्या जुन्या फोनवर अक्षरं फिसकटायची. म्हणून आबानं दोन कोकरं विकली आणि आम्ही दोघं विट्याला फोनच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं काचेवर दोन फोन ठेवले. किंमत जवळजवळ सारखीच. एक नवा, स्वस्तातला. खोक्यात, बिलासकट, वर्षाची वॉरंटी, बॅटरी दोन दिवस चालणार. दुसरा जुना, पण एकेकाळचा सगळ्यात भारी. खोकं नाही, कोपरा खरचटलेला. माणूस सरळ होता. म्हणाला, ताई, ह्याची बॅटरी दमलीया, दुपारच्याला चार्जिंग लागंल. मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि एकाच पानाचा फोटो दोन्हींवर काढला. नव्यावर मोठं करून बघितलं तर अक्षरांना मिशा फुटलेल्या. जुन्यावर पानाच्या तळाची बारीक टीपसुद्धा वाचता आली. मला तिथंच कळलं मला काय पाहिजे. पण बोलले नाही. पैसे आबाचे होते.

आबानं दोन्ही फोन दोन हातांत घेतले. वजन बघितलं. पाठीवरून अंगठा फिरवला, कडा दाबून बघितल्या. बाजारात मेंढा बघतो अगदी तसा. दात तेवढे मोजले नाहीत.

"ह्यो नवा हाय, पर पोकळ लागतोय. ह्येचं वय झालंय खरं, पर जातिवंत हाय. आजून चार सालं काडंल."

मी हसले. दुकानदारही हसला, पण ते हसू वाईट नव्हतं. मग आबानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि हात त्याच्याखाली घालून पुढं केला. बाजारात जनावराचा भाव असाच होतो, कापडाखाली, बोटं दाबून, चारचौघांना कळू न देता. दुकानदाराच्या घरात कधी बैलांचा व्यापार होता म्हणे. त्यानंही हात आत घातला. दोघं थोडा वेळ तसेच उभे, काचेच्या दुकानात, वर पंखा फिरतोय. सौदा झाला. दुकानदार म्हणाला, साध्या कागदावर लिहून देतो पाहिजे तर. आबाला ते अपमानासारखं वाटलं. हातात हात दिल्यावर कागद कशाला, असं त्याचं म्हणणं. कॉलेज शिकलेली मी होते. मी कागद मागायला पाहिजे होता. मी खुशीत होते, विसरले. ही चूक मात्र माझी आहे आणि ती मी कबूल करते.

बॅटरी दमलेली. म्हणून रोज सकाळी मालकाच्या ओट्यावर फोन लावायला जायचं. नवा घेतला असता तर मी रोज त्या ओट्याची पायरी चढले नसते. हा विचार मी आत्तापर्यंत हजार वेळा केला आहे आणि तो मला आवडत नाही. कारण त्याचा अर्थ असा होतो की मी माझ्या लायकीचा फोन घ्यायला पाहिजे होता.

आबानं हात का जोडले, ते मला तेव्हाही कळत होतं. मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांची ही रीत आहे. कुणी म्हणालं तुझी मेंढरं माझ्या पिकात शिरली, तर जाऊन बघायचं नाही, वाद घालायचा नाही. आधी म्हणायचं, चूक झाली. वाद घातला की मेंढरं कोंडवाड्यात जातात, कुत्री सुटतात, काठ्या पडतात. चूक झाली म्हटलं की शिव्या मिळतात आणि वाट मिळते. आज्यानं हेच केलं. आबा हेच करत आला. त्याच्या तोंडातून ते शब्द विचार करायच्या आत बाहेर पडतात. हे सगळं मला समजतं. तरी त्या सकाळी माझ्याकडं एकदा बघून त्यानं ते म्हटलं, हे माझ्या काळजातून जात नाही. लय दुखतं. आजही दुखतं.

फोन धाकट्या मालकानं ठेवून घेतला. पोलिसात देत नाही, हे उपकार समजा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्याचा स्वतःचा फोन सापडला. ट्रॅक्टरच्या सीटखाली, पान्यांच्या पेटीत. त्यानंच ठेवला होता. तो बांधावर आला, माझा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, घे, माझा घावला. त्याच्या आईनं आमच्या आईला दोन पायल्या ज्वारी जास्तीची द्यायला सांगितलं आहे, हेही म्हणाला.

मी फोन उघडला. आत काही नव्हतं. आपलाच आहे समजून, माझ्या अंगठ्याचं कुलूप काढायला त्यानं तो शहरात नेऊन आतलं सगळं पुसून आणला होता. एक पान नाही. आईचा फोटो नाही. परीक्षा आठ दिवसांवर होती.

मी म्हटलं, माझी पानं गेली. तो म्हणाला, फोटूच हुते न्हवं, परत काड की. मला रडू आलं नाही. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले,

"तुमी चारचौघांत चोर म्हणालाय. आता चारचौघांत सांगा, माजं चुकलं."

तो हसला नाही. त्याला खरंच नवल वाटलं होतं.

"तुज्या बापानंच कबूल केलंय की. मी काय चुकलो?"

मी आबाकडं बघितलं. आबा खाली बघत होता. हळूच म्हणाला, जवारी घे पोरी, घाल पोत्यात.

मी पोतं घेतलं नाही. सरळ रानात गेले आणि वाघरीची खुंटी उपटली. त्यांच्या रानात आता एक लेंडीसुद्धा पडू द्यायची नाही, एवढंच डोक्यात होतं. दुसरी खुंटी उपटली. आबा मागून आला. त्यानं पहिली खुंटी उचलली, होती त्याच भोकात घातली आणि दगडानं ठोकली. मी तिसरी उपटली, त्यानं दुसरी ठोकली. ठरलेल्यातले काही दिवस अजून उरले होते. दिवस अर्धे टाकून उठलेल्या मेंढक्याला पुढं कुणी रान देत नाही. त्याचा दगड खुंटीवरून सरकून बोटाजवळ पडत होता. ते बघून मी थांबले. हरले म्हणून थांबले नाही. त्याचं बोट चेचलं असतं म्हणून थांबले.

दुसऱ्या दिवशी एसटीनं पोलीस ठाण्यात गेले. स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. फोन नेला, चोर म्हटलं, माझे फोटो परक्या माणसांना दाखवले, सगळं पुसलं. चार ओळींत चार गोष्टी. पोलिसांनी अर्ज घेतला. फोन तुझाच होता याचा पुरावा आण म्हणाले. मी विट्याला गेले. दुकानदारानं लगेच ओळखलं, आबांची तब्येत विचारली, चहा मागवला. लिहून द्या म्हटल्यावर चहाचा कप माझ्याकडं सरकवला. म्हणाला, ताई, मला ह्यात घालू नका, माझी सगळी विक्री अशीच असते. चहा मी प्यायले नाही.

परीक्षेला बसले. राज्यशास्त्राच्या पेपरात पाच प्रश्नांपैकी दोन लिहिले. ज्या धड्यांची पानं गेली त्यांचेच तीन आले होते. तीन तास होईपर्यंत बसून राहिले, उठले नाही.

आता निरोप येतात. कोरेगावकडच्या चार मालकांनी सांगितलं आहे, पोरीचा अर्ज मागं घ्या, नाहीतर पुढच्या सालाला ह्या पट्ट्यात रान मागू नका. आबा रागावत नाही, हेच वाईट आहे. परवा भाकरी खाताना एवढंच म्हणाला,

"रान न्हाई मिळालं तर मेंढरं कुठं न्यायची, सांग."

आईनं ताट उचललं.

तडजोडीचा कागद तयार आहे. गैरसमजातून अर्ज केला, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही, असं त्यात लिहिलं आहे. साक्षीदार म्हणून आबाचा अंगठा त्यावर उमटला आहे. खाली माझ्या सहीची जागा मोकळी आहे. उद्या अकरा वाजता ठाण्यात बोलावलं आहे.

मी जाणार आहे. समोर तो बसलेला असेल, शेजारी माझा बाप बसलेला असेल. गैरसमज माझा झाला नव्हता, हे मी दोघांच्या समोर सांगणार आहे. रान मिळणार नाही, कदाचित मेंढरं विकावी लागतील, आबा माझ्याशी बोलायचा बंद होईल. हे सगळं मोजून झालं आहे. सही मी करणार नाही.