कमरूचाचांची तक्रार

शहागंजात ओढण्या रंगवणारे पूर्वी गल्लीभर होते, आता उरले एकटे कमरोद्दीन. ब्लाउजपीसच्या चिंधीवर नुसती नजर टाकली की कोणता रंग किती चिमूट, हे कमरूचाचांना कळतं. अबोली रंग तर खास त्यांचाच. त्यात ते काय मिसळतात हे बायकोलाही, म्हणजे शमशादचाचींनाही, माहीत नाही. आणि चाळीस वर्षांच्या संसारात चाचींना माहीत नसलेली ही एवढी एकच गोष्ट.

पण गल्ली त्यांना ओळखते ती विहिरीमुळे. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही आणि दुकानामागच्या जुन्या विहिरीत मात्र चपला तरंगतात, याचा चाचांना भयंकर संताप यायचा. तीन वर्षांपूर्वी त्यांनी माणसं गोळा केली, गाळ उपसला, वर जाळी बसवली आणि पंपाला सोलर जोडलं. धुण्याभांड्यांची ददात मिटली. तेव्हापासून विहिरीजवळ कुणी पान खाऊन थुंकलं तरी चाचा अंगावर धावून जातात.

यंदा लग्नसराईत विहिरीचं पाणी लालसर येऊ लागलं. शेजारी विश्वजीतचा लग्नपत्रिकांचा छापखाना. चाचांनी तिथल्या तिथं निकाल लावला, "शाई धुऊन सोडतोय. दुसरं कोण हाय इथं?"

"चाचा, माझं पाणी पिंपात साठतं, गाडीवाला घेऊन जातो," विश्वजीत शपथा घेऊन थकला. चाचा ऐकतात थोडेच! महापालिकेला अर्ज लिहिला, घराघरांत जाऊन सत्तर सह्या घेतल्या, पहिली स्वतःची. छापखान्याला टाळं लागायची वेळ आली.

पाणी तपासायला महापालिकेच्या करुणाबाई आल्या तेव्हा अख्खी गल्ली विहिरीभोवती जमली. बाई बाटली भरू लागल्या. चाचांना राहवेना. रंगीत पाणी दिसलं की पांढरी चिंधी बुडवायची, पिळायची, उन्हात धरायची, ही रंगाऱ्याची जुनी खोड. महिनाभर ओरडण्याच्या नादात तेवढंच राहून गेलं होतं. चिंधी वाळली आणि चाचांनी ती डोळ्यांजवळ नेली.

अबोली. फिकी, पण त्यांचीच.

विहिरीच्या कामाच्या उत्साहात त्यांनी दुकानामागं एक शोषखड्डाही खणला होता. पाणी जिरवा म्हणतात ना? मग रंगाचं पाणी गटारात सोडून नदी कशाला बाटवायची? जमिनीत जिरवू, माती गाळून घेईल! दगड, वाळू, कोळसा, सगळं स्वतःच्या हातानं भरलं. विहिरीपासून पंधरा पावलांवर. यंदा लग्नसराईत रंगाचं पाणी इतकं वाढलं की मातीला गाळणं झेपेना, ते थेट विहिरीत झिरपलं. पाण्यावर इतका जीव असलेल्या माणसालाच असली चूक सुचते.

चाचींनी चिंधी पाहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि त्या कानाशी लागल्या, "चुप बैठो जी. किसको समझता है?"

खरंच कुणाला कळलं नसतं. सगळ्यांची बोटं आधीच छापखान्याकडं वळलेली होती. चाचा लाजेनं घामाघूम झाले, पण पुढं सरकले.

"बाई, अर्ज फाडू नका. तक्रार खरी हाय. फक्त विश्वजीतचं नाव खोडा अन् तिथं माझं घाला."

"पण अर्जदारही तुम्हीच आहात ना?"

"व्हय. अन् रंग बी माझाच. ही अबोली अख्ख्या शहरात दुसऱ्या कुणाला जमत नाय."

गल्ली पोट धरून हसली. खड्डा त्याच दुपारी उकरून काढला. आता फिक्या रंगाचं उरलेलं पाणी चाचा गडद रंगाला वापरतात आणि शेवटचं पिंपात भरून विश्वजीतच्याच गाडीवाल्याला देतात. विहीर निवळायला पुढं दोन महिने लागले.

पण चाचा तेवढ्यावर थांबले नव्हते. खड्डा उकरला त्याच संध्याकाळी विश्वजीतचा हात धरून ते सह्यांची यादी घेऊन निघाले. दर घरी तेच सांगायचं, "चूक माझी, ह्याची नाय." तिसऱ्या इमारतीत चाचांचे गुडघे बोलायला लागले. विश्वजीतलाच लाजल्यासारखं झालं.

"चाचा, बसा की आता. सगळ्यांना कळलंय."

"विहिरीवर कळलं ते हसण्यावारी गेलं रे," चाचा कठडा धरून म्हणाले. "तुझं नाव मी घरात शिरून खराब केलं. साफ बी घरात शिरूनच करावं लागतं."

आणि त्यांनी पुढची बेल दाबली.