दोघांत एक चष्मा

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणाचे. त्यांनी बेतलेला सदरा कुणाच्या अंगावर बसला नाही असं कधी झालं नाही. पैशाचं मात्र त्यांना कधीच बेतता आलं नाही. तयार कपड्यांची दुकानं वाढली, गिऱ्हाईक आटलं आणि राज्याचा कर थकत गेला. शेवटी नोटीस आली: पैसे भरा, नाहीतर दुकानाला सील. तसं झालं तर गळ्यातला टेप नुसता गळ्यातच राहणार होता.

हप्ते बांधून मिळतात असं कळलं, तेव्हा ते बायकोला घेऊन कराच्या कचेरीत गेले. टेबलामागची बाई वयाने लेकीएवढी, तरी तिच्यासमोर मास्तरांना घाम फुटला.

"महिन्याला किती जमेल, काका?"

मास्तरांनी उसनं अवसान आणून भलताच आकडा ठोकून दिला. टेबलाखाली बायकोने त्यांचा पाय दाबला.

"एक हप्ता जरी चुकला तरी सवलत रद्द होते हं," बाई म्हणाली. "आधी घरखर्च सांगा."

भाडं झालं, वीज झाली, किराणा झाला, मास्तरांच्या गोळ्या झाल्या.

"आणि काकूंचा खर्च?"

"हिला काय लागतंय? कधी म्हणून काही मागितलं नाही हिने!" मास्तर कौतुकाने म्हणाले.

"असं कसं? शून्य लिहिलं तर अर्ज परत येतो. विचारा की त्यांना."

इतक्या वर्षांच्या संसारात मास्तरांनी हे प्रथमच विचारलं, आणि तेही सरकारच्या सांगण्यावरून. "अगं, तुला काय हवंय?"

ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "चष्मा."

"तुला कशाला चष्मा?"

"काजं करायला. जवळचं दिसत नाही आता. तुम्ही दुपारी झोपलात की तुमचाच लावते."

जेवण झालं की बायको रोज म्हणायची, "अहो, जरा पडा आता." आणि हे महाराज, आपली केवढी काळजी, म्हणून खुशाल घोरायचे. म्हणजे काळजी कसली, चष्म्याची पाळी होती ती! त्यांना लाज वाटली, पण त्याहून जास्त वाईट वाटलं.

"मॅडम, चष्मा लिहा," ते म्हणाले. "आणि तो मघाचा आकडा खोडा. मी उगाच फुशारकी मारली."

हप्ता निम्म्यावर आला, मुदत लांबली, दुकान वाचलं. सही करण्याआधी मास्तरांनी नाकावरचा चष्मा काढून बायकोला दिला. "आधी तू वाच."

पहिला हप्ता भरला आणि पाठोपाठ तिचा चष्मा आला. त्या दुपारी जेवण उरकून मास्तर सरळ मशीनवर जाऊन बसले. आता आपल्याला कोण झोप म्हणणार, असं त्यांच्या मनात आलं. बायको समोर काजं करत होती, स्वतःच्या चष्म्यातून. मान वर न करताच ती म्हणाली, "अहो, जरा पडा की आता. रात्रभर नुसते कुशी बदलत होतात."

मास्तरांनी सवयीने चष्मा मशीनवर ठेवला आणि आडवे झाले. पण झोपेचं नुसतं सोंग. बायको उठली, तिने त्यांचा चष्मा उचलला, फडक्याने स्वच्छ पुसला आणि त्यांच्या उशाशी ठेवला. रोज जागे व्हायचे तेव्हा तो तिथेच असायचा. मास्तरांना वाटायचं, आपणच ठेवला.