त्याच्या वतीने

जेवणाआधी प्रार्थना करताना आमचे फिटर एक डोळा किंचित उघडा ठेवत. समोरच्या दावीदने, म्हणजे त्यांच्या मुलाने, डोळे मिटलेत की नाही ते पाहायला. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "मी कशापायी बघतो, ते देवाला ठाऊक आहे."

परळच्या चाळीत आमच्या खोल्या शेजारी, गिरणीतही खातं एकच. ते नगरकडचे ख्रिस्ती. बायको लवकर गेली. तेव्हापासून पोराला न्हाऊ घालण्यापासून वचनं पाठ करून घेण्यापर्यंत सगळं तेच करत. पोराने स्तोत्र बिनचूक म्हटलं की हे गॅलरीभर सांगत सुटायचे.

तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्यात उत्तरं आईबाप देतात. मोठेपणी मुलाने तीच उत्तरं मंडळीसमोर स्वतः द्यायची, त्याला दृढीकरण म्हणतात. हे मला फिटरांनीच समजावलं होतं. दावीदची वेळ आली ती नेमकी संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत. पोरगा सदा मोर्च्यात. आदल्या संध्याकाळी भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला, "बाबा, मला अजून आतून विश्वास वाटत नाही. खोटं कसं बोलू? तुम्हीच शिकवलंत ना?"



चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसलो होतो. पाळकांनी विचारलं, "प्रभूवर तुझा विश्वास आहे का?" दावीद मान खाली घालून गप्प. पाळकांनी पुन्हा विचारलं. तोच पुढच्या बाकावरून फिटर उठले आणि मोठ्याने म्हणाले, "आहे!"

कुणीतरी फिसकन हसलं. पाळक हळूच म्हणाले, "भाऊ, आता त्यालाच बोलू द्या." ते खाली बसले. इतका ओशाळलेला बाप मी दुसरा पाहिला नाही.

दावीदचं दृढीकरण राहूनच गेलं. परतताना फिटर मला म्हणाले, "भरवलं, चालायला शिकवलं. पण हे एवढं एक माझ्या हातात नाही हो."

त्यानंतर दावीद मित्रांकडेच राहू लागला. एका दुपारी मोर्चा चाळीखालून चालला होता, आणि पुढच्या रांगेत तो, घोषणा देत. गॅलरीचा कठडा धरून फिटर बघत होते.

"हाक मारू का?" मी विचारलं. "तुम्हाला बघून येईल वर."

"येईल," ते म्हणाले. "म्हणूनच नको. माझ्यासाठी येऊन काय उपयोग?"

मोर्चा नाक्यावरून वळला. आवाज ऐकू येईनासा झाला, तरी ते तिथेच उभे होते.