मेंढकामामांची साक्ष

मेंढकामामा थापा मारायचे. म्हणे त्यांचा खोकला ऐकून लांडगा कुरुंद्यापर्यंत पळाला होता, आणि त्यांचा एडका वसमतचा व्यापारी घरजावई करून मागत होता. "मामा, जरा कमी करा की," कोणी म्हटलं, तर म्हणायचे, "कमी करूनच सांगून राहिलो लेका!"

आम्ही बौद्ध, ते धनगर. काकाची वरात पारासमोरून नेली म्हणून गावातल्या काहींनी आम्हांला मारलं. हळदीच्या अंगानं काका नालीत पडला. बापाचा हात मोडला. ॲट्रॉसिटीची केस झाली. आमच्या वस्तीबाहेरचे तीन साक्षीदार होते. दोघांना कोर्टात काहीच आठवेना. राहिले मामा.

पेरणीआधी लोक वावरात मेंढरं बसवून घेतात. जमिनीला लेंडीखत मिळतं, मेंढक्याला त्याबदल्यात ज्वारी. त्या साली मामांना एकानंही वावर दिलं नाही. "साक्ष बदल, उद्या बसव," असा निरोप आला.

मामा हसले. "मेंढरं काय, कुठंबी हागतील. वावरंच उपाशी राहतील त्यायची."

पण मामी चुलीपाशी रडायची. निम्मी मेंढरं बाजारात गेली. आमच्या घरी एकच घोर, मामा फिरले तर?

हिंगोलीच्या कोर्टात समोरच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही थापा मारता असं गाव म्हणतं. खरं का?"

"व्हय साहेब. मेंढरायच्या मारतो. माणसायच्या न्हाई." आणि कोणी काठी घातली ते बोट दाखवून, नावानिशी सांगितलं.

एकट्याच्या साक्षीनं भागलं नाही. संशयाचा फायदा मिळून सगळे सुटले, गुलाल उधळत गावात आले. माझी शाळा सातवीतच सुटली. आम्ही गाव सोडलं. इथं पुण्यात इतकी वर्षं झाली, तरी दार वाजलं की मी आधी खिडकीतून बघते.

निघालो त्या दिवशी मामा वारंगा फाट्यापर्यंत पोचवायला आले. ऊन मरणाचं होतं. आईनं आमच्या कळशीतलं पाणी तांब्यात ओतून पुढं केलं. मामांनी तांब्या घेतला, बराच वेळ हातात धरला, आणि तसाच भरलेला परत दिला.

"माय, कोर्टात उभं राहणं जमलं," मान खाली घालून म्हणाले. "हे माझ्यानं होऊन न्हाई राहिलं."

मामा वारल्याचं मला फार उशिरा कळलं. अख्ख्या गावात आमच्यासाठी उभा राहिलेला तोच एक माणूस. लेकीला मी त्यांची साक्ष पुन्हा पुन्हा सांगते. तांब्याचं अजून सांगितलेलं नाही.