हात्सुए तामाकी आणि आडवा थर

१९५९ साली ओसाकाच्या सरकारी संशोधन संस्थेतून एक निष्कर्ष जाहीर झाला: ॲक्रिलिकचा धागा योग्य रीतीने भाजला, तर त्याची राख न होता कार्बनचा तंतू होतो. हे कागदोपत्री तपासता येते. त्या तंतूने सोळा वर्षांनी, मासे धरायच्या बांबूच्या काठ्यांसाठी नावाजलेल्या हाशिमोतो गावातल्या एका बाईची नोकरी जवळजवळ खाल्ली, याची नोंद मात्र कोणत्याही अहवालात नाही.

हात्सुए तामाकी तेव्हा बावन्न वर्षांची होती. त्यांपैकी सव्वीस वर्षे तिने सासऱ्यांच्या कार्यशाळेत बांबूच्या गळकाठ्यांना, काठीचे तुकडे जिथे एकमेकांत बसतात त्या जोडाच्या तोंडाशी, रेशमी धागा गुंडाळला. सासरे नामांकित कारागीर; कार्बनविषयीचे त्यांचे मत छापण्याजोगे नाही. ते वारल्यावर सून महिन्याभरात कुसुमोतो यांच्या कारखान्यात कार्बन गुंडाळायला रुजू झाली. गल्लीने तिला गद्दार ठरवले. गल्लीतल्या अर्ध्या लोकांनी पुढे तिथेच अर्ज केले, तेव्हा हा शब्द मागे पडला.

काम दिसायला सोपे होते. राळेत भिजवलेली कार्बनची शीट, तिच्यातले तंतू विंचरलेल्या केसांसारखे एका दिशेने बसलेले. ती पोलादी सळईवर गुंडाळायची, वरून फीत आवळायची, भट्टीत भाजायची आणि सळई ओढून काढायची. उरते ती पोकळ काठी. आराखडा ओसाकाहून आलेल्या इवाकुरा या तरुण अभियंत्याचा होता. सगळे तंतू उभे, काठीच्या लांबीला समांतर. गाठ नसलेला बांबू, असे तो तिचे वर्णन करी. बांबूची गाठ हे निसर्गाचे वैगुण्य आणि जोडावरचे रेशीम ही म्हाताऱ्यांची हौस, असा त्याचा सिद्धांत. हाशिमोतोत बसून असा सिद्धांत मांडायला धाडस लागते, किंवा अज्ञान.

१९७५च्या एप्रिलमध्ये नऊ काठ्यांची चाचणी झाली. बूड भिंतीला पक्के करून टोकाला वाळूची बाटली लटकवायची, ही पद्धत. नऊही काठ्या वाकताना चपट्या झाल्या आणि जोडाशी उभ्या चिरल्या. तंतू एकही तुटला नव्हता; तंतूंमधली राळ फाटली होती. चाचणीवहीत इवाकुराने कारण लिहिले: गुंडाळणारीचा दोष. जूनमध्ये आयु माशांचा हंगाम उघडणार होता. कुसुमोतोंनी हात्सुएला एक आठवडा दिला. तेवढ्यात काठ्या सुधारल्या नाहीत, तर तिची रवानगी खोकी भरायच्या खोलीत.

खोकी भरण्याबद्दल तिची तक्रार नव्हती, असे तिची सहकारीण फुसाए सांगते. तक्रार त्या दोन शब्दांबद्दल होती.

त्या आठवड्यात हात्सुएने तीन काठ्या वेगळ्या पद्धतीने केल्या. कापणीतून उरलेल्या शीटचे तुकडे तिने आडवे फिरवले, म्हणजे तंतू सळईभोवती कड्यासारखे बसतील असे, आणि सर्वांत आतला थर त्यांचा दिला. काठी चौदा ग्रॅमने वाढली. वजन वाढलेले इवाकुराला चालत नसे. ग्रॅमाग्रॅमावर तो माणसांची किंमत ठरवी. म्हणून तिने चकाकीचा लेप दिलाच नाही.

तीनही काठ्या टिकल्या. काट्यावर वजनही आराखड्याइतकेच भरले. इवाकुरा खूश झाला आणि त्याने श्रेय भट्टीच्या तापमानाला दिले. आता याच आराखड्याने चाळीस काठ्या करू, असे त्याने जाहीर केले.

हात्सुए तेव्हा गप्प राहिली असती, तर चाळीसही काठ्या चिरल्या असत्या आणि दोष पुन्हा तिच्याच हातांचा ठरला असता. तिने साऱ्यांदेखत विनंती केली की एक काठी इवाकुरा-सानांनी स्वतः गुंडाळावी, आराखड्याबरहुकूम. त्याने गुंडाळली, आणि फुसाएच्या मते, बरी गुंडाळली. दुसऱ्या सकाळी ती बाटली लावताच चिरली.

कुसुमोतोंनी करवत मागवली आणि हात्सुएची एक काठी आडवी कापायला लावली. आतल्या कडेला वेगळा थर दिसला.

"काकू, हे काय?" त्यांनी विचारले.

"कडं आहे, मालक. काठी वाकली की चपटी व्हायला बघते. कड्यानं ती गोल राहते."

"आराखड्यात नाही हे," इवाकुरा म्हणाला.

"नाही ना. म्हणून तर तुमची चिरली." ती शांतपणे म्हणाली. "बांबूला गाठी काय शोभेला असतात, होय? सासरे रेशीम गुंडाळायचे ते काय काठीला नटवायला?"

"आणि लेप कुठे गेला?" कुसुमोतोंनी विचारले.

"लेपानं काय मासे गळाला लागतात?"

कुसुमोतो हसले नाहीत. ते सहसा हसत नसत. त्यांनी चाळीसही काठ्या हात्सुएच्या पद्धतीने करायला सांगितल्या आणि वहीतले ते दोन शब्द इवाकुराकडूनच खोडून घेतले. खोडलेली ओळ आजही ओळखू येते. तिच्यावर इतकी शाई ओतली आहे की पान मागे फुगले आहे. मे महिन्याच्या नव्या आराखड्यात आडवा थर आहे, खाली इवाकुराचा शिक्का आहे, हात्सुएचे नाव नाही. कारखान्याचा छापील इतिहास हा थर "आमच्या अभियंत्यांची दूरदृष्टी" म्हणतो. छापील इतिहासांकडून याहून अधिक अपेक्षा ठेवणे अन्यायाचे ठरेल. हात्सुए १९८९ पर्यंत त्याच टेबलावर होती आणि खोकी तिने कधीच भरली नाहीत.

तरीही तिला आडव्या थराची जननी म्हणण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही. त्याच वर्षी इतर कारखान्यांतही असा थर घातला जात होता का, हे त्यांचे कागद मिळाल्याशिवाय सांगता येणार नाही. ही कल्पना हात्सुएला रेशमावरून सुचली, की कोणाकडून तिच्या कानावर आली, याबद्दल फुसाएने मला दोन भेटींत दोन उत्तरे दिली. त्यांतले खरे कोणते, हे अद्याप माहीत नाही.