आरमारामागची भिंत

श्रावणातला दुसरा रविवार. काम एकच, आरमार रिकामं करून पुसायचं. दार उघडताच तो ओला, कुबट वास अंगावर आला आणि मी आधी पितांबर बाहेर काढला. चवथीच्या पूजेचा हा पितांबर. घडीच्या कडेला हिरवट-पांढरे ठिपके पडले होते. मागची फळी काळवंडलेली. बोट लावलं तर मऊ लागली.

आरमार म्हणजे आमच्याकडे गोव्यात कपाट. पेडण्याच्या मराठी शाळेत आरमाराचा धडा आला, तेव्हा मला समुद्रात कपाटं तरंगताना दिसली होती. लग्न होऊन कारापूरला आले आणि सासूबाईंचं हे शिसवी आरमार पाहिलं, तेव्हा पटलं की ह्यात बसून लढाईला जाता येईल. सासूबाई श्रावणातल्या उघडिपीला सगळी लुगडी खळ्यात वाळत घालायच्या आणि स्वतः शेजारी राखणीला बसायच्या. आम्हा दोघी सुनांवर त्यांचा विश्वास नव्हताच, उन्हावरही नव्हता. घडी घालण्याआधी प्रत्येक लुगडं हुंगून बघायच्या, जणू ते काहीतरी लपवतंय.

ती नजर माझ्यातही उतरली असावी, कारण फळी पाहताच माझ्या डोक्यात पहिली आली ती जाऊ. घराची वाटणी झाली तेव्हा मधे भिंत घातली. आरमार त्याच भिंतीला टेकलेलं, आणि भिंतीपलीकडे जावेने गेल्या उन्हाळ्यात नवी न्हाणी बांधली. आणखी काय पुरावा हवा? पण बोलायचं कसं? स्वयंपाक दोन झाले तरी आमचा गणपती अजून एकच आहे. धाकटे दीर दोन वर्षं वेगळी मूर्ती आणायचं म्हणताहेत, त्यांना निमित्त तेवढं हवंय. माझ्या तोंडून एक वाकडा शब्द गेला असता तर ह्या चवथीला घरात दोन गणपती बसून त्यांच्यावर फळापानांच्या दोन माटोळ्या बांधल्या गेल्या असत्या.

म्हणून तोंड बंद ठेवून हात चालवले. फळ्या माडाच्या विनागराने, म्हणजे व्हिनेगरने, पुसल्या, पंखा लावला, आरमार ओढून पुढे घेतलं. भिंत कोरडी पुसून तिच्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवला. थेंब बाहेरच्या बाजूला धरले तर दोष घरातल्या हवेचा, आत धरले तर भिंतीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेंब आतल्या बाजूला होते. मी प्लास्टिक ओरबाडून काढलं आणि तसंच हातात घेऊन पलीकडे गेले. शब्द ठरवून ठेवले होते, पण जावेने मला उंबऱ्यातच गाठलं.

"वैनी, खरें सांग, तुझ्या न्हाणीचो पायप फुटला मगो?"

"माझ्या? न्हाणी तुझी भिंतीला लागून आहे, माझी नाही!"

"न्हाणी त्या तोंकाक! हांगा म्हजें आरमार पळय, बुरशेन भरलां. आठ दीस म्हणटां, वैनीक विचारूं काय नाका. चवथ आयल्या, झगडें नाका म्हण वगी रावलें."

म्हणजे चवथीत भांडण नको म्हणून तीही आठ दिवस गप्प राहिली होती. तिचं आरमारही त्याच भिंतीला, माझ्या आरमाराच्या पाठीला पाठ लावून होतं. आतला वासही तोच. न्हाणी मात्र खरंच दुसऱ्या टोकाला निघाली. मी कालपासून अंदाजावरच कोर्ट भरवलं होतं. दोघी मागच्या अंगणात गेलो आणि वर पाहिलं. दोन छपरांच्या मधल्या पन्हळीत फणसाची पानं कुजून भरली होती, वर नेचे डोलत होते. पाणी तुंबून सरळ भिंतीत उतरत होतं. वाटणीत माड वाटले गेले, विहिरीवरच्या पाळ्यासुद्धा ठरल्या, पण पन्हळ कुणाच्याच वाट्याला आली नाही. आम्ही ती त्यांची समजत होतो, ते आमची.

सासूबाईंचे दागिने, भांडी सगळं अर्धं अर्धं झालं. संशय तेवढा दोघींना अख्खा मिळाला.

शिडी मी आणली. जाऊ म्हणाली, "चड तूं, हांव धरतां." मी पदर खोचला, खराटा घेतला आणि चढले. मधल्या पायरीवर थांबून एकदा खाली पाहिलं, शिडी नीट धरलीय ना.